गुलाबचं नाव गेलं, पाणी राहिलं: सोयाबीन सोंगणीच्या एका निर्णयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट सप्टेंबर २०२१ ची, गुलाब चक्रीवादळाच्या वेळची. मी नागपुरात राहतो आणि एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हवामानाचं काम पाहतो, म्हणजे अंदाज वाचायचे, त्यातून आपल्या गावांपुरतं जे आहे ते काढायचं आणि ग्रुपवर साध्या भाषेत टाकायचं. कंपनीचं, गावांचं, माणसांचं नाव इथे देत नाही, बाकी जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

कंपनी सोयाबीनचं बियाणं तयार करते. सभासद दोन भागांत आहेत, काही उमरेड-भिवापूरकडे, नागपूरहून तास-दीड तासावर, आणि काही यवतमाळ जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला, उमरखेडकडे, पैनगंगेच्या अंगाला. दोन्ही भागांत सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. हे अंतर लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं.

बियाण्याचा प्लॉट आणि साधं सोयाबीन यात फरक असतो. तेलाच्या मिलला जाणारा माल थोडा काळा पडला तरी भाव कमी होऊन का होईना विकला जातो, पण बियाण्याची उगवण कमीत कमी ७० टक्के लागते आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. कापलेलं सोयाबीन एकदा नीट भिजलं की वरून वाळवून किती चकचकीत केलं तरी आतला जीव गेलेला असतो.

त्या वर्षी आमच्याकडे पेरण्या २० जूनच्या आसपास झाल्या होत्या. बहुतेकांची जात जेएस-३३५, ती ९५ ते १०० दिवसांत येते, म्हणजे शंभरावा दिवस पडत होता २७-२८ सप्टेंबरला. पानं गळून गेली होती, शेंग कानाशी धरून हलवली की आत दाणा खुळखुळत होता. त्यात भावाची घाई. ऑगस्टमध्ये दहा हजारांच्या वर गेलेलं सोयाबीन, मग बाहेरून १२ लाख टन सोयापेंड आणायला परवानगी मिळाली आणि भाव खाली यायला लागला, त्यामुळे ज्याला पाहावं तो म्हणे लवकर सोंगा (म्हणजे कापा), लवकर काढा. मजुरांच्या टोळ्या एकराच्या हिशोबाने ठेका घेऊन गावात येऊन बसल्या होत्या.

आणि नेमकं तेव्हाच बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. २५ तारखेला, शनिवारी संध्याकाळी त्याचं चक्रीवादळ झालं आणि गुलाब नाव मिळालं.

प्रश्न काय होता

वरून पाहिलं तर प्रश्न एवढाच, सोंगायचं का थांबायचं. पण त्याच्या खाली अजून एक प्रश्न होता, तो मला तेव्हा नीट दिसला नाही. वादळाचा मार्ग म्हणून जे चित्र आपल्या मोबाईलवर येतं ते शेतात उभा असलेला माणूस कसं वाचतो?

हवामान खात्याच्या चित्रात मधे एक रेषा असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा. रेषा म्हणजे केंद्र जिथून जाईल असं सगळ्यात जास्त वाटतंय ती वाट. पट्टा म्हणजे मागच्या काही वर्षांत अंदाज सरासरी किती चुकले त्यावरून काढलेली जागा. चोवीस तासांच्या अंदाजात ही चूक तेव्हा साधारण ७५-८० किलोमीटर, अठ्ठेचाळीस तासांत ११५-१२० च्या आसपास. दिवस जितके पुढचे तितका पट्टा रुंद, साधा हिशोब आहे. पण दोन गोष्टी त्या चित्रात नसतात आणि लोकांना वाटतं की आहेत. एक, पट्टा हा केंद्र कुठे असू शकतं त्याचा आहे, पाऊस कुठे पडेल त्याचा नाही. पाऊस पट्ट्याच्या बाहेरही खूप लांबवर पडतो. दुसरी, सरासरी म्हटलं की काही वेळा केंद्र पट्ट्याच्या बाहेरून जाणार हे त्यातच आलं.

मी शनिवारी रात्री ते चित्र ग्रुपवर टाकलं. तसंच, वर दोन ओळी लिहून. ही माझी पहिली चूक. दहा मिनिटांत उमरेडकडच्या एका दादाचा मेसेज आला, "रेषा तं आपल्या खालून चालली, आपल्याले काई नाई." आणि उमरखेडकडून दुसऱ्याचा, "आपल्यापर्यंत येता येता संपते हे." दोघांनीही रेषा रेल्वेच्या रुळासारखी वाचली होती, गाडी आपल्या स्टेशनावरून जाते का नाही एवढंच त्यांनी पाहिलं.

समोर काय काय पर्याय होते

रविवारी, २६ ला सकाळी उमरेड रोडवरच्या आमच्या ऑफिसात तिघे बसलो, मी, कंपनीचे अध्यक्ष (त्यांना सगळे काकाजी म्हणतात) आणि हिशोब पाहणाऱ्या ताई. भिंतीवर राज्याचा मोठा नकाशा आहे. ताईंच्या मुलाच्या दप्तरातलं कर्कटक आणलं, नकाशाच्या मापाने ८० किलोमीटर धरले आणि रेषेवर तीन ठिकाणी गोल काढले. मग १२० चे. मोबाईलवर दहा वेळा पाहिलेली गोष्ट काकाजींना तेव्हा दिसली, की मोठ्या गोलात उमरखेड तर आहेच पण वर्धा जिल्ह्याचाही भाग येतो, आणि उमरेड काठावर राहतं. ते बराच वेळ तिथे बोट ठेवून उभे होते.

त्यानंतर मी त्यांना एन्सेम्बलचं चित्र दाखवलं. हवामानाचं एकच कॉम्प्युटर मॉडेल सुरुवातीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून पुन्हा पुन्हा चालवतात, युरोपियन मॉडेल एकावन्न वेळा, अमेरिकन एकतीस वेळा, आणि प्रत्येक वेळची वाट एकाच नकाशावर काढतात. ताटात शेवया सांडल्यासारखं दिसतं ते. किनाऱ्यापर्यंत सगळ्या शेवया जवळजवळ एका जुडीत होत्या, म्हणजे वादळ कुठे धडकणार याबद्दल फार शंका नव्हती. जमिनीवर आल्यावर मात्र त्या सुटत होत्या, काही तेलंगणातून सरळ पश्चिमेला मराठवाड्याकडे, काही थोड्या वर चढून विदर्भाच्या मधून. कारण सोपं आहे. वादळ स्वतःच्या मनाने चालत नाही, वरच्या थरातला उच्च दाबाचा पट्टा त्याला ढकलतो, आणि तो पट्टा जरा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकला की वाट बदलते.

यातून तीन पर्याय निघाले.

पहिला, दोन दिवसांत जमेल तेवढं सोंगून घ्यायचं, डबल मजूर लावून. काकाजींचा सुरुवातीला याकडे कल होता. अडचण अशी की सोंगलं तरी त्याच दिवशी मळून घरात येत नाही. हडंबे, म्हणजे मळणीची यंत्रं, गावात दोन-तीनच, नंबर लागतो. गंजी (कापलेल्या पिकाचा ढीग) लावून ताडपत्री टाकली तरी खालून जमिनीची ओल चढतेच.

दुसरा, सोंगणी पूर्ण थांबवायची, जे कापून पडलंय तेवढं आधी मळायचं आणि उभं पीक उभंच राहू द्यायचं. उभ्या पिकाला पाऊस लागला तर शेंगेवरून पाणी निथळून जातं, वारं लागतं, एक-दोन दिवसांत ऊन पडलं तर बऱ्यापैकी वाचतं. पाऊस चार-पाच दिवस धरून राहिला तर मात्र उभ्या झाडावर कोंब फुटतात, आणि नंतर कडक ऊन पडलं की शेंगा तडकून दाणे मातीत जातात. म्हणजे यातही धोका होताच.

तिसरा, दोन भागांसाठी दोन वेगळे निर्णय. हे मीच सुचवलं आणि मीच मागे घेतलं. वाटलं एका कंपनीत दोन मेसेज गेले की गोंधळ होईल, उमरेडवाले सोंगतायत आणि आम्हाला का थांबवता असं उमरखेडवाले म्हणतील. आज वाटतं तेव्हाच धीर करायला पाहिजे होता.

ताईंनी जे विचारलं त्यावर शेवटी निर्णय झाला. त्या म्हणाल्या, दोन्हीतली कोणती चूक आपल्याला नंतर दुरुस्त करता येईल? थांबलो आणि पाऊस नाही आला तर चार दिवसांनी सोंगता येईल, मजुरी थोडी जास्त जाईल. सोंगलं आणि पाऊस आला तर बियाणं गेलं. पर्याय दोन ठरला, सगळ्यांसाठी.

काय केलं

दुपारी मेसेज गेला, या वेळी चित्र न टाकता: नवीन सोंगणी बंद, कापलेलं आज रात्रीपर्यंत मळून घ्या, मळता येत नसेल तर गंजी उंच जागी लावा, खाली पऱ्हाटीच्या काड्या किंवा लाकडं टाका आणि चारही बाजूंनी चर काढा. दोन्ही भागांत रविवारी रात्री बाराच्या पुढेपर्यंत हडंबे चालू होते. त्याच संध्याकाळी गुलाब कलिंगपट्टणमच्या थोडं उत्तरेला, आंध्र आणि ओडिशाच्या सीमेजवळ किनाऱ्यावर आलं, वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. तिथून नागपूर सरळ रेषेत सहाशे किलोमीटर.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला सोमवारी.

२७ ला सकाळी टीव्हीवर आणि सगळ्यांच्या मोबाईलवर बातमी आली की वादळ कमकुवत झालं. बातमी खोटी नव्हती. हवामान खात्याच्या भाषेत ताशी ६२ किलोमीटरच्या वर वारा असेल तर चक्रीवादळ, ५० ते ६१ म्हणजे खोल अवदाब आणि ३१ ते ४९ म्हणजे अवदाब. जमिनीवर आल्यावर समुद्राची गरम वाफ मिळणं बंद होतं, वारा पडतो, आणि त्या हिशोबाने ते एकेक पायरी खाली येतं. पण ही सगळी पायरी वाऱ्याची आहे. पाण्याची नाही. आभाळात जे बाष्प भरलेलं असतं ते कुठे जात नाही, उलट त्या वर्षी मान्सून अजून देशातून निघायलाही लागला नव्हता, माघार सुरू झाली ती थेट ६ ऑक्टोबरला, त्यामुळे खालून अरबी समुद्राकडूनही ओलावा येतच होता. नाव बातम्यांतून गेलं आणि विदर्भ-मराठवाड्याचा पाऊस खरं तर तेव्हा सुरू होणार होता.

साडेनऊला उमरखेडकडच्या आमच्या गटप्रमुखाचा फोन आला. "भाऊ, टीव्हीवर तं सांगून राहिले का वादळ कमजोर झालं म्हणून. टोळी बांधावर उभी हाये, आज नाई लावलं तं उद्या दुसऱ्या गावाले जाते म्हणते. सोंगू का नाई सोंगू, एवढंच सांगा जी."

मी म्हटलं, "अजून एक दिवस थांबलेलं बरं राहील."

हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल. बरं राहील म्हणजे काय? त्याच्या समोर टोळी उभी होती, डोक्यावर ढगाळ पण कोरडं आभाळ होतं, आणि मी त्याला ना हो म्हटलं ना नाही. मला माहीत होतं की पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा सिस्टिमचा सगळ्यात मोठा पाऊस केंद्राच्या डाव्या अंगाला, नैऋत्येला पडतो, कारण मान्सूनचं ओलं वारं तिथे येऊन एकवटतं. मला हेही दिसत होतं की सकाळच्या अंदाजात केंद्र तेलंगणातून वर येतंय आणि उमरखेड बरोबर त्या अंगाला पडतंय. हे दोन्ही मी त्याला सांगितलं नाही, वाटलं फोनवर कुठे एवढं समजावू. त्याने त्याच्या समजुतीने चार प्लॉटवर सोंगणी लावली. त्याचा दोष मी मानत नाही.

काय झालं

सोमवारी रात्रीपासून तिकडे पाऊस लागला आणि मंगळवारी थांबायचं नाव नाही. त्या २८ तारखेला सकाळी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नागपूर डेपोची एसटी पुलावरच्या पाण्यात वाहून गेली, माणसं गेली त्यात. आमच्या ग्रुपवर दिवसभर दुसरं काही नव्हतं, सोयाबीनचं कोणी काढलंही नाही. त्याच दिवशी तिकडे मराठवाड्यात मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले.

उमरेड-भिवापूरकडे अधूनमधून सरी आल्या, नुकसान होईल असं काही नाही. तेच वादळ, तोच मेसेज, आणि दोन भागांत जमीन-अस्मानाचा फरक. पुढे ते उरलेलं क्षेत्र पश्चिमेकडे सरकत अरबी समुद्रात उतरलं, तिथे पुन्हा जोर धरला, शाहीन म्हणून नवीन नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर गेलं. तेव्हा टीव्हीवर ते पुन्हा दिसायला लागलं.

रस्ते मोकळे झाल्यावर मी आणि काकाजी उमरखेडकडे गेलो. गटप्रमुखाने एक गंजी उघडून दाखवली. वरचा थर ठीक वाटत होता, पण त्याने मनगटापर्यंत हात आत घातला आणि मला घालायला लावला, आत भट्टीसारखं गरम, आणि आंबूस वास. शेंग दाबली तर फुटून आतल्या दाण्याला पांढरा कोंब आलेला, गव्हाच्या दाण्याएवढा. तो काही बोलला नाही. त्याची आई बांधावर बसून एकेक शेंग सोलून बरे दाणे पदरात वेगळे काढत होती, बियाण्यासाठी नाही, घरी खायला.

एक काम मात्र वेळेवर झालं. तेव्हा पीक विम्यात कापून शेतात पडलेल्या मालाचं नुकसान चौदा दिवसांपर्यंत धरत होते, पण कळवावं लागत होतं बहात्तर तासांच्या आत. ताईंनी मंगळवारीच नागपुरात बसून एकेकाचा फोन लावला, सर्व्हे नंबर विचारून घेतले आणि ॲपवर फोटोसकट टाकून दिले, कारण तिकडे लाईटही नव्हती आणि नेटही. त्यातल्या बहुतेकांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. पुढे ऑक्टोबरमध्ये सरकारने जिरायतीला हेक्टरी दहा हजार, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली, त्याचाही थोडा आधार झाला. बियाण्याचं नुकसान त्यात भरून निघत नाही.

दोन्हीकडच्या मालाची उगवण आम्ही गोणपाटावर तपासली, शंभर शंभर दाणे मोजून, ओलं करून, गुंडाळून. उमरेडकडच्या उभ्या राहिलेल्या प्लॉटचे ७८ उगवले. उमरखेडच्या त्या चार प्लॉटचे सगळ्यात चांगल्या नमुन्यात ४१. आणि त्याच शिवारात, शेजारच्याच बांधाला, ज्यांनी सोंगलं नाही त्यांच्या उभ्या पिकाचे ७२ आले, जेमतेम पण पास.

आता काय वेगळं करतो

रेषेचं चित्र ग्रुपवर टाकत नाही. टाकायचंच झालं तर रेषा पुसून फक्त पट्टा, आणि त्यावर आपली गावं मोठ्या ठिपक्यांनी. कोणी म्हणेल अर्धी माहिती देता, पण पूर्ण चित्र देऊन अर्धंच वाचलं जात असेल तर ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

दोन भागांना दोन मेसेज जातात. गोंधळ होईल ही भीती खरी ठरली नाही, शेतकऱ्याला आपल्या शिवारापुरतं सांगितलेलं लगेच कळतं. मेसेजमध्ये आधी हे असतं की आपण वाटेच्या कोणत्या अंगाला आहोत, आणि वाट ऐंशी किलोमीटर इकडे किंवा तिकडे सरकली तर आपल्याकडे काय होईल. वेळेचं वेगळं लिहितो, कारण वाट बरोबर असूनही सिस्टिम सहा-आठ तास लवकर किंवा उशिरा येऊ शकते, ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चालणारी गोष्ट आहे, आणि हडंबा रात्री चालवायचा का सकाळी हे तेवढ्या फरकावर ठरतं.

कमकुवत हा शब्द आम्ही वापरत नाही. वारा कमी झाला, पाऊस बाकी आहे, असं सरळ लिहितो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा पिवळा आहे का नारिंगी का लाल हे रोज दुपारी टाकतो, आणि जोपर्यंत आपल्या जिल्ह्याचा रंग उतरत नाही तोपर्यंत वादळ संपलं असं धरायचं नाही, बातम्यांत नाव असो नसो. मुसळधार म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, अति मुसळधार म्हणजे ११५.६ पासून पुढे, हे आकडे गटप्रमुखांना पाठ करून दिलेत, घरोघरी टोपलं-बादली ठेवून मोजणारेही आता आहेत.

आणि फोनवर कोणी विचारलं सोंगू का, तर हो किंवा नाही. कारण नंतर सांगतो, पण उत्तर आधी. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग बापटलाजवळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणीला होता. त्याच गटप्रमुखाचा फोन आला आणि या वेळी त्याने वेचू का म्हणून विचारलंच नाही, म्हणाला, "आपण डाव्या अंगाले हावो का उजव्या?" मी सांगितलं, त्या वेळी वाट उत्तरेकडे वळत होती त्यामुळे डाव्या-उजव्याचा हिशोब गुलाबसारखा लागणार नव्हता, तेही सांगितलं, आणि फुटलेला कापूस दोन दिवसांत वेचून घ्या, नाही म्हणू नका. वेचला त्यांनी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. २०२१ ला उमरेडकडच्यांना आम्ही थांबवलं, टोळ्या दुसऱ्या गावाला निघून गेल्या, परत आल्या त्या चार दिवसांनी आणि जास्त दर घेऊन, तोवर ऊन पडून काही शेंगा तडकल्या होत्या. ते म्हणतात, तुमच्या मेसेजने आमचं नुकसान झालं ते कोण देणार? प्रश्न बरोबर आहे. अंदाज सावधगिरीचा द्यायचा म्हटलं की कधी ना कधी कोणीतरी विनाकारण थांबणार. ताईंचं म्हणणं आहे की बियाण्याच्या विक्रीतून क्विंटलमागे थोडे पैसे बाजूला काढून अशा वेळची जास्तीची मजुरी त्यातून द्यावी. काकाजी म्हणतात मग प्रत्येक ढगाला लोक पैसे मागतील. दोन सभांमध्ये विषय आला आणि दोन्ही वेळा पुढच्या सभेत घेऊ म्हणून राहिला.